बिडकीनच्या बांधावरचा मेक्सिकन

पाऊस पडून पंधरा दिवस झाले की बिडकीनला पैठण रोडच्या कडेचं गाजरगवत मी वाकून बघतो. पानांची चाळणी झालेली दिसली, की समजायचं, तो जमिनीतून वर आलाय. जेमतेम सहा मिलिमीटरचा जीव. डोकं काळपट तपकिरी, पाठ दुधी आणि तिच्यावर उभ्या, वेड्यावाकड्या गडद रेघा. मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. बटाट्याची शेतं फस्त करणाऱ्या कोलोराडो भुंग्याचा नातलग.

गवत अर्थातच आधी आलं. 1955 मध्ये ते पुण्यात नजरेत भरलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणून पीएल-480 ला आजही दोष देतात, पण तो करार ऑगस्ट 1956 चा! गव्हातूनच आलं असेल, तर त्याच्याही आधीच्या. माझ्या आजीला या तारखांशी देणंघेणं नव्हतं. निंदून आली की तिचे हात, मान खाजून लाल व्हायची. ती त्याला 'काँग्रेस' म्हणायची, शिव्या मात्र गवतालाच द्यायची.

1983 मध्ये शास्त्रज्ञांनी हे भुंगे मेक्सिकोतून बंगळूरला आणले. पिकांना तोंड लावत नाहीत ना, हे तपासून 1984 मध्ये मोकळे सोडले. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात ते सूर्यफुलावर दिसले आणि गहजब झाला. शेतकऱ्यांची भीती खोटी नव्हती. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातले. चौकशी झाली. जयंत आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या प्रयोगांत गंमत कळली: सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते आणि त्या चवीनं भुंगे पान कुरतडत होते. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत आवडता भाग वाटतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात हे भुंगे मिळतात. मी एकदा डबा भरून आणले, बांधावर सोडले. अळ्या पानं खाऊन मातीत शिरतात, कोष करतात. प्रौढ भुंगेही हिवाळा-उन्हाळा मातीतच झोपून काढतात. पण औद्योगिक वसाहतीमुळे आमच्याकडे आता जेसीबी बारमाही. जिथं माती खरवडली, तिथं पहिल्या पावसात गवत हजर असतं, भुंगा नसतो. एकेक झाड हजारो बिया टाकून मोकळं होतं.

यंदा बांधावर सात मोजले. दोन जोडीनं होते.