हौशी खगोलनिरीक्षक : निजामिया वेधशाळा ते गुरूची छायाचित्रे

बोथ परिसर पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात नवाब जफर जंग या हौशी खगोलप्रेमींनी १९०१ मध्ये स्वखर्चाने दुर्बीण आणून वेधशाळा उभारली. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे सोपविली. तेथे काचेवर घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांवरून लाखो ताऱ्यांची स्थाने मोजून आंतरराष्ट्रीय सूचीसाठी प्रसिद्ध करण्यात आली. अशा रीतीने एका व्यक्तीची हौस संस्थेच्या आधाराने शास्त्राच्या कामी आली.

आज हेच कार्य वेगळ्या स्वरूपात दिसते. २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोहोचलेल्या 'जूनो' यानावरील 'जूनोकॅम' कॅमेऱ्याची मूळ चित्रे नासाने सर्वांसाठी खुली केली. यान स्वतःभोवती फिरत असल्याने ती वेगवेगळ्या रंगांच्या अरुंद पट्ट्यांत येतात. जर्मनीतील गेराल्ड आयखश्टेट यांच्यासारखे हौशी अभ्यासक संगणकावर त्या जुळवून गुरूवरील वादळांची विलोभनीय चित्रे तयार करतात. संशोधकांनाही त्यांचा उपयोग होतो.

नवाबांना त्यासाठी संपत्ती खर्चावी लागली. आज बोथच्या विद्यार्थ्याला ही सामग्री विनामूल्य मिळू शकते. मात्र भूमिती व संगणकाचा हा उपयोग त्याला दाखविण्याची जबाबदारी आपणा शिक्षकांचीच आहे.