खेळातले डोंगर, मावळातले डोंगर

दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात. दगड-विटा रचायच्या, वर पोते टाकायचे, चिखल लिंपायचा आणि दिवाळीच्या काही दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरायची. ऐन सणात डोंगरावर हिरवेगार 'जंगल' उगवते. मग पायथ्याशी एक विहीर येते, शेत येते, डोक्यावर घडा घेतलेली गवळण येते. गडाखाली गाव असायलाच हवे, हे मुलांना कोणी शिकवलेले नसते.

हीच मुले आता संगणकावर शहर वसवण्याचे खेळ खेळतात. तिथे सुरुवातीला एक मोकळा भूप्रदेश मिळतो. डोंगर, नदी, झाडे असतात, माणूस मात्र नसतो. मग रस्ते, कारखाने, इमारती उभ्या करायच्या. काही मुलांना शहरापेक्षा आजूबाजूचा गावाकडचा प्रदेश हुबेहूब करण्यातच जास्त गोडी वाटते. अशाच नववीच्या काही मुलांबरोबर आम्ही मावळातले आंबी हे गाव खेळात उतरवायचे ठरवले. तळेगाव दाभाड्याजवळ, इंद्रायणीच्या काठचे हे गाव.

खरी उंची वापरून डोंगर आले, नदीचे पात्र आले, ब्रशने झाडेही लावून झाली. चित्र सुंदर दिसत होते. पण त्या बाजूचाच एक मुलगा म्हणाला, "सर, हे आंबी वाटत नाही."

का वाटत नव्हते? याचे उत्तर शोधताना आम्हाला बराच मागे जावे लागले. डोंगर कागदावर कसा आला आणि कागदावरून संगणकात कसा गेला, या इतिहासातच ते उत्तर आहे.

समान उंचीच्या रेषा

१७७४ साली नेव्हिल मॅस्कलिन या खगोलशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराजवळ एक प्रयोग केला. डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा किती कलतो हे मोजायचे आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढायची, असा बेत होता. त्यासाठी डोंगराचे आकारमान माहीत हवे. हे गणित चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले. त्याच्यापुढे मोजमापांचे आकडेच आकडे होते. त्याने नकाशावर समान उंचीचे बिंदू शोधले आणि ते रेषांनी जोडले. डोंगराचा आकार एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. १७७८ साली हे काम प्रसिद्ध झाले. पाण्याची समान खोली दाखवणाऱ्या रेषा हॉलंडमध्ये त्याआधीपासून काढल्या जात होत्या, पण जमिनीच्या उंचीसाठी ही पद्धत हटनच्या कामामुळे रुजू लागली.

भूगोलाच्या तासाला आपण ज्या समोच्च रेषा शिकवतो, त्या ह्याच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांत दोन समोच्च रेषांमध्ये सहसा २० मीटरचे अंतर असते. याचा अर्थ असा, की २० मीटरपेक्षा लहान चढउतार दोन रेषांच्या मध्ये हरवून जाऊ शकतो. हे लक्षात ठेवू या, पुढे उपयोगी पडेल.

नाणे उडवून केलेले डोंगर

संगणकात डोंगर आणण्याचा दुसरा मार्ग मोजमापाचा नव्हता, कल्पनेचा होता. बेन्वा मँडेलब्रॉ या गणितज्ञाने १९७०च्या दशकात दाखवून दिले, की किनारे, ढग, डोंगर यांच्या खडबडीतपणात एक प्रकारची पुनरावृत्ती असते. लहान तुकडा मोठ्या आकारासारखाच ओबडधोबड दिसतो. अशा आकारांना त्याने 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. बोइंग या विमान कंपनीत काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटरला विमानांच्या चित्रांमागे डोंगर हवे होते. त्याने हीच कल्पना वापरून १९८० साली संगणकावर डोंगरांची एक छोटी फिल्म बनवली.

युक्ती किती सोपी आहे ते वर्गात करून पाहता येते. कागदावर १६ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. मध्यबिंदूपाशी नाणे उडवा. छाप आला तर मध्य ४ सेंटिमीटर वर, काटा आला तर तितकाच खाली. नवा बिंदू दोन्ही टोकांना जोडा. आता दोन तुकडे झाले. प्रत्येकाच्या मध्याशी पुन्हा नाणे उडवा, पण या वेळी २ सेंटिमीटर सरका. मग १, मग अर्धा. एकूण १५ वेळा नाणे उडवले, की डोंगररांगेसारखी कडा तयार होते. मुलांना हे करताना फार मजा येते.

१९८३ साली केन पर्लिन याने गुळगुळीत पण अनियमित चढउतार निर्माण करण्याची आणखी एक पद्धत शोधली. संगणकीय खेळांतले कितीतरी डोंगर आजही तिच्यावर उभे आहेत.

आता एक गंमत करा. नाण्याने काढलेली कडा उलटी धरा. ती तेवढीच खरी वाटेल. खरी डोंगररांग मात्र उलटी करून चालत नाही, कारण पाणी खालीच वाहते. घळी एकमेकींना मिळून ओढा होतो, ओढे मिळून नदी. नाण्याला पाणी ठाऊक नसते. १९८९ साली मसग्रेव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकातल्या डोंगरावर पाणी सोडून त्याची झीज करून दाखवली, तेव्हा ते डोंगर जास्त खरे दिसू लागले.

पण तेवढ्यानेही सह्याद्री होत नाही. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो. म्हणून कडा, उतार, पुन्हा कडा अशा पायऱ्या दिसतात आणि माथा बरेचदा सपाट असतो. लोहगड-विसापूरकडे पाहिले की हे लगेच पटते. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

अंतराळातून मोजलेला मावळ

विल राइट या अमेरिकन माणसाने १९८९ साली 'सिमसिटी' हा खेळ आणला. त्याआधी तो हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकण्याचा एक खेळ तयार करत होता. त्यातली बेटे, रस्ते, इमारती रचण्यातच आपल्याला जास्त आनंद मिळतो असे त्याच्या लक्षात आले आणि शहर वसवण्याच्या खेळाची कल्पना सुचली. पहिल्या सिमसिटीतली जमीन सपाट होती. १९९३ च्या 'सिमसिटी २०००' मध्ये तिला चढउतार मिळाले.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. एक अँटेना यानात, दुसरी ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तसाच काहीसा हा प्रकार. यातून मिळालेली माहिती सर्वांसाठी खुली झाली. आधी आपल्या भागासाठी ती सुमारे ९० मीटरच्या चौकटींची होती, २०१४ नंतर सुमारे ३० मीटरच्या चौकटींचीही मिळू लागली. प्रत्येक चौकटीला उंचीचा एक आकडा. उंच चौकट पांढरी आणि सखल चौकट काळी रंगवली, की उंचीचे करडे चित्र तयार होते. २०१५ साली आलेल्या 'सिटीज : स्कायलाइन्स' या खेळात असे चित्र घातले की जमीन उभी राहते. एका चित्रात १७.२८ किलोमीटर बाजूचा चौरस मावतो.

आम्ही आंबी मध्यावर ठेवून हेच केले. लगेच पहिली अडचण आली. लोणावळा चौरसाबाहेर राहिला. इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला, म्हणून खेळात नदीचा झरा नकाशाच्या कडेला ठेवावा लागला. तो बारा महिने सारखाच वाहू लागला. खरी इंद्रायणी मात्र पावसाची लेक आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. आंबी या दोन्हींच्या मधली. हा उतरता पाऊस उंचीच्या चित्रात कुठेच नसतो.

चौकटीत न मावणारे गाव

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची होती. मावळ म्हणजे भाताची खाचरे. खाचरात पाणी उभे राहायला जमीन सपाट लागते, म्हणून उतारावर बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या माती अडवलेली असते. बांधाची उंची गुडघाभर, फार तर कमरेइतकी. खाचराची रुंदी काही वेळा ३० मीटरपेक्षाही कमी. अंतराळातल्या रडारला ही खाचरे दिसत नाहीत, २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांनाही नाहीत. मावळच्या माणसाने डोंगरावर केलेले सर्वांत मोठे काम आपल्या मोजमापाच्या जाळीतून निसटते.

उलट गंमत अशी, की दाट झाडी असली तर ते रडार तिच्यातून पूर्णपणे जमिनीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे जुनी, उंच देवराई उंचीच्या चित्रात टेकाडासारखी उमटू शकते. पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात केला. गावाने देवाच्या नावाने न तोडता राखलेले हे रान. म्हणजे खेळातला ब्रश ज्याला 'जंगल' म्हणतो, तेही गावाच्या नियमांनी घडलेले असते.

डोंगरउतारावरची इतर झाडे पाहिली तरी हेच दिसते. भाताच्या रोपांसाठी पावसाळ्याआधी 'राब' भाजायची पद्धत मावळात होती. जमिनीवर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचे आणि तिथे रोपे टाकायची. यासाठी आईन आणि इतर झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जात. उतारावरची कितीतरी झाडे या तोडीमुळे खुजी, गाठाळ झाली. ज्याला आपण दुरून रान म्हणतो, त्याच्या प्रत्येक झाडावर शेतीची खूण असते. गायरान, पाणंद, गावठाण या जागाही मोकळ्या दिसतात, पण प्रत्येकीचा वापर ठरलेला असतो.

आता त्या मुलाच्या बोलण्याचा अर्थ आम्हाला लागला. आमच्या आंबीत डोंगर खरे होते, पण माणसाने शेकडो वर्षे केलेले काम त्यात नव्हते.

मोकळ्या जमिनीचा धडा

ही चूक फक्त खेळापुरती असती तर फारसे बिघडले नसते. मावळाला लागून असलेल्या मुळशी खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतले. धरणाच्या आराखड्यात समोच्च रेषेला नवा अर्थ येतो. पाणी ज्या उंचीपर्यंत चढणार ती रेषा म्हणजे तलावाचा काठ. त्या रेषेच्या आत किती पाणी मावेल याचे गणित अचूक करता येते. आत किती खाचरे, किती घरे, किती देवळे आहेत, हे ती रेषा सांगत नाही. आपली भातजमीन बुडणार हे कळताच मावळे शेतकरी उठले. १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट यांनी त्यात पुढाकार घेतला. बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. धरण अखेर झाले आणि जमिनी पाण्याखाली गेल्या.

विजेची गरज खरी होती, मुंबईला ती हवी होती. प्रश्न असा, की निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावरच्या नकाशात खाचरे होती का? आज आंबीच्या परिसरात तळेगावची औद्योगिक वसाहत आहे, फुलशेतीची हरितगृहे आहेत, महाविद्यालये आहेत. शहर वसवण्याचा खेळ तिथे खरोखरच चालू आहे. आपल्या वर्गातली काही मुले उद्या अभियंते होतील, तलाठी होतील, नगररचनेच्या कार्यालयात बसतील. त्यांच्यापुढेही उंचीचे करडे चित्र येईल आणि त्यातली जमीन मोकळीच दिसेल.

वर्गात काय करता येईल?

संगणक नसला तरी चालेल. गावाचा समोच्च रेषांचा नकाशा मोठा करून घ्या. रेषांप्रमाणे पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवा, हटनचा डोंगर तयार होईल. मग मुलांना गावातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. ओढा कोणत्या महिन्यात आटतो? राब कुठे भाजत? गुरे कोणत्या वाटेने जात? देवराईतले लाकूड कोणी तोडत नसे, ते का? मिळालेले प्रत्येक उत्तर पुठ्ठ्यावर रंगाने दाखवा.

आम्ही आंबीसाठी हे सुरू केले आहे. खाचरांचे बांध मुले खेळात हाताने, एकेक करून घालत आहेत. काम फार हळू चालते. बांध घालायला इतका वेळ लागतो म्हणून एक मुलगी परवा कुरकुरली. खऱ्या बांधांना किती वेळ लागला असेल, असे तिला विचारले, तेव्हा तिने आजोबांना विचारून येते असे सांगितले.