डोंबिवली स्टेशन आणि सतरा अंकी संख्या

आम्हा नवी मुंबईकरांना ठाण्याला गाडी बदलून डोंबिवली गाठणे काही नवीन नाही. पण या स्टेशनच्या नावाने गणितात संख्यांचे एक कूळच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव 'डेमलो संख्या'. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून द. रा. कापरेकरांनी हे नाव दिले.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, आणि पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर.

आता कागद-पेन्सिल घ्या. नऊ एक्के लिहा : १११११११११. त्यांना त्यांनीच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. चढते आणि उतरते! यात जादू नाही. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. कडेच्या उभ्या रांगेत एक एक्का, शेजारी दोन, मध्यभागी नऊ. बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

या संख्येचे तीन तुकडे करा : १२३४५६७८, मधला ९, आणि ८७६५४३२१. दोन्ही कडांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधल्या नवाचीच रांग! डेमलो संख्येची ओळख हीच.

आणखी एक गंमत. सगळ्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी.

दहा एक्के घेतले की हातचा येतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. तरी पहिल्या नऊ अंकांच्या संख्येत शेवटच्या नऊ अंकांची संख्या मिळवून पाहा. पुन्हा दहा एक्के! शिस्त मोडली नाही, नुसती आड गेली.

"याचा उपयोग काय?" हे कापरेकरांनाही ऐकावे लागले. आपल्याकडचे काही गणिती त्यांच्या कामाला पोरखेळ समजून हसले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला देवळालीच्या मास्तरांची ओळख झाली. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते गेले.

मी मराठी माध्यमातला बी.ए., उच्च गणित मला परके. पण वरचे सारे नुसत्या गुणाकार-बेरजेवर कळते, आणि मला त्यातच कापरेकरांचे मोठेपण दिसते. जे हत्यार चौथीतल्या पोराच्या हातात असते, त्यानेच त्यांनी कोणाला न दिसलेले दाखवले. उपयोग विचारणाऱ्या मुलाला मी तरी आधी नऊ एक्के लिहायला सांगेन. उत्तर पाहून त्याचे डोळे चमकले, तर शाळेचा निम्मा उपयोग तिथेच झाला.

असो. अकरा एक्क्यांचे काय होते, ते नातवंडांना करायला सांगा. कॅल्क्युलेटर न वापरता!