घोड्याचा हिशेब

मार्गशीर्ष पौर्णिमेला चौलच्या दत्ताची जत्रा सुरू होते. पाच दिवस डोंगराखाली गर्दी असते आणि पोरांच्या मुठीत जत्रेचे पैसे. पाळण्यात बसायचं, पिपाणी घ्यायची की खाऊ? मोह तीन आणि पैसे एकाचेच. हिशेबाचा पहिला धडा मुलं अशा ठिकाणीच शिकत आली.

चौलला हिशेब नवा नाही. रोमन काळापासून इथे परदेशी जहाजं लागत. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला, तो एक घोडा घेऊन. वाटेत तो लुटला गेला होता. आता भिस्त या घोड्यावर. परदेशी घोड्यांना इकडे चांगली किंमत येई. पण घोडा जुन्नरपर्यंत न्यायलाच शंभर रूबल पडले, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि 'धर्म बदल, मग परत देतो' म्हणाला. एका खुरासाणी गृहस्थानं मध्यस्थी केली, तेव्हा घोडा सुटला. अखेर बिदरला तो विकला गेला, पण तोवर वर्षभराचा खुराक अंगावर बसला होता. मिरी इथे स्वस्त होती खरी; पण जकात जबर आणि समुद्रात चाचे. वस्तूची किंमत वेगळी आणि ती सांभाळण्याची वेगळी, हे त्याला इतक्या उशिरा कळलं.

आपल्याकडे हे लहानपणीच अंगी बाणावं अशी सोय होती. तिन्हीसांजेला परवचा व्हायचा, त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दीड आणा शेरानं अडीच शेराचे पावणेचार आणे होतात, हे पोर दुकानाच्या पायरीवरच सांगायचं. वाण्याला फसवायला जागाच नसे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि हळूहळू हे पाढे मागे पडले. पुढे शाळांतून 'संचयिका' आली. मुलांनीच चालवलेली बँक, गुरुजींची देखरेख, प्रत्येकाचं पासबुक. चार आणे भरले तरी नोंद व्हायची.

आज जत्रेतल्या दुकानावरही मोबाइल दाखवला की पैसे जातात. सोय मोठी आहे. मात्र मूठ रिकामी होताना मुलाला दिसत नाही. म्हणून निदान जत्रेचे पैसे तरी मुलाच्या हातात मोजून द्यावेत. संपले तर पुन्हा देऊ नयेत. रात्री घरी आल्यावर त्यालाच वहीत लिहू द्यावं : पाळण्याला किती, खाऊला किती, उरले किती.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे. त्याचा घोडा कधीच गेला; पण खर्च लिहून ठेवायची सवय होती, म्हणून साडेपाचशे वर्षांनी त्याचा हिशेब आपल्याला मुलांसमोर मांडता येतो.