आमच्या सावलीचा इतिहास

मुंबईत एक शांत, झाडांनी झाकलेली वस्ती आहे, असे परगावच्या पाहुण्याला सांगितले तर तो प्रथम हसतो. आणि ती वस्ती दादरला आहे असे सांगितले, की आपली थट्टा चालली आहे अशी त्याची खात्रीच होते. दादर म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते स्टेशनावरचे जिने, फुलबाजार आणि पाठीमागून ढकलणारी गर्दी. त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्याच स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून चार मिनिटे चालले, की हिंदू कॉलनीच्या गल्ल्या लागतात. आंबेडकर मार्ग ओलांडला की पारशी कॉलनी, आणि तिच्या पलीकडे पाच बागा. येथे दुपारी दोनच्या सुमारास कावळ्याचे ओरडणेही स्पष्ट ऐकू येते. माझा बहुतेक जन्म या गल्ल्यांत गेला. भाजी, पुस्तके, कापड, नाटक, डॉक्टर यांपैकी कशासाठीही मला कधी दूर जावे लागले नाही. आणि तरीही रात्री निजताना कानांवर येते ती पानांची सळसळच.

अशा सुखाची माणसाला सवय होते आणि ते निसर्गाचे देणे आहे असे वाटू लागते. खरी गोष्ट वेगळी आहे. आमची ही सावली एका भयंकर रोगातून जन्माला आली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात माणसे ज्वराने आणि गाठींनी पटापट मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले ते मूळच्या गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडली. निम्म्याच्या आसपास वस्ती गावोगाव पांगली, गिरण्यांना हात मिळेनात. रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. दोष दिला जाई तो दमट, कोंदट, उजेड नसलेल्या घरांना. म्हणून १८९८ साली खास कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था स्थापण्यात आली. दाट वस्त्या फोडून समुद्राचा वारा शहरात घ्यावयाचा, आणि बेटाच्या उत्तरेला मोकळ्या जागी नवी वस्ती वसवावयाची, ही तिची दोन मुख्य कामे. पहिल्या कामातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड झाले. दुसऱ्यातून दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव.

त्या काळी इकडे भातशेते होती, माड आणि ताड होते. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या सखल जमिनीवर भराव घातल्याखेरीज घर उभे राहणे शक्य नव्हते. योजना शतकाच्या आरंभी कागदावर आली, पण मध्ये पहिले महायुद्ध आले. घरे खऱ्या अर्थाने उठू लागली ती १९२० नंतर.

आता या योजनेतली एक गंमत पाहा. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांना उजेडाचा ध्यासच लागलेला होता. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसले पाहिजे, यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे केला. भूमितीची भीती असणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत सांगावयाचे तर, समोरची भिंत जेवढी उंच, तिच्या निदान निम्मे अंतर मोकळे सोडावे. आज माझ्या खिडकीत सकाळचे ऊन येते ते या हिशेबामुळे.

ट्रस्टचा कायदा झाला त्याच १८९८ साली इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड यांचे उद्यान-नगरांची कल्पना मांडणारे पुस्तक निघाले. शहराच्या सोयी आणि खेड्याची हवा एकत्र आणावयाची, असा त्यांचा विचार. पुढे १९०३ पासून लेचवर्थ हे गाव त्याप्रमाणे वसले. तिकडे प्रत्येक घराला आपली छोटी बाग होती. मुंबईत ते परवडणारे नव्हते. कारकून, मास्तर, वकील अशा बेताच्या मिळकतीच्या माणसाला भुईसुद्धा भाड्यानेच घ्यावी लागे. तेव्हा एकेका भूखंडावर दोन-तीन मजल्यांची इमारत आणि तीत अनेक बिऱ्हाडे, हा मार्ग निघाला. घराची बाग गेली. ती बाहेर येऊन गल्लीची झाली. माझ्या मते आमच्या वस्तीचे सारे रहस्य या एका तडजोडीत आहे. येथली सावली कोणाच्याही खरेदीखतात लिहिलेली नाही, म्हणूनच ती सर्वांची आहे.

या नव्या बिऱ्हाडाला आमच्याकडे ‘ब्लॉक’ म्हणू लागले. चाळीतून ब्लॉकमध्ये येणे हा मध्यमवर्गाच्या आयुष्यातला केवढा मोठा पालट होता, याची आजच्या मुलांना कल्पना येणार नाही. मोरी स्वतंत्र झाली, आणि त्याहून विशेष म्हणजे संडास घरातच आला! स्वयंपाकघराच्या इतक्या जवळ हा प्रकार म्हणजे जुन्या पिढीच्या सोवळ्याची कसोटीच. पण चाळीत सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहण्याचा अनुभव असलेल्यांनी फार दिवस कुरकुर केली नाही.

झाडांच्या बाबतीत मात्र एका गृहस्थांचे नाव घेतलेच पाहिजे. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधील स्थापत्य अभियंते. आडनाव जोशी, पण जातीने पारशी! मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून ठेवावेत, म्हणून त्यांनी ट्रस्टला राजी केले. घरांबरोबर रस्त्यांची झाडेही त्यांनी आखून लावली. फिरदौसी रोडवर महोगनीची रांग आहे ती त्या आखणीतली. पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे. येथल्या झाडांची कुळेही ऐकण्यासारखी आहेत. महोगनी आणि पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातले, गुलमोहर मादागास्करचा. येथली माणसेही अशीच दूरदूरहून आली: कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, आणि माटुंग्याच्या बाजूला तामीळ व केरळ प्रदेशांतून. माटुंग्याला इडलीचा सुवास येऊ लागला तो या स्थलांतरामुळेच. सर्वांनी मूळ धरले.

सोयी मागोमाग आल्या. आजच्या ‘व्हीजेटीआय’चे पूर्वरूप असलेली तंत्रशाळा १९२३ साली माटुंग्याला आली, १९३७ साली रुईया कॉलेज निघाले. दादर टी.टी. या नावातली ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला शेवटची धावली, पण नाव राहिले ते राहिलेच.

येथपर्यंतची हकीगत गोड आहे. पण ज्यांच्या दुःखामुळे ही योजना निघाली, त्यांच्या वाट्याला ही सावली आली का? प्लेगने सर्वांत अधिक होरपळले ते मांडवी, नागपाडा, कामाठीपुरा येथले गरीब लोक. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने त्यांच्या वस्त्या जेवढ्या पाडल्या, तेवढ्या खोल्या बांधल्या नाहीत. ज्या बांधल्या त्या चाळीतल्या एकेका खोलीच्या. शिवाय आमच्या कॉलन्यांच्या नावांतच कुंपणे आहेत, हे कोणालाही दिसेल.

या दोन्ही बाजू एका माणसाच्या चरित्रात एकत्र आलेल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळला राहिले ते याच ट्रस्टच्या, म्हणजे बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन लहान खोल्यांत. पुढे त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. एकाच ट्रस्टची चाळ आणि एकाच ट्रस्टची सावली! मधले अंतर तसे थोडेच; ते कापण्यासाठी त्यांना केवढी विद्या आणि केवढे कष्ट ओतावे लागले. १९५६ च्या डिसेंबरात त्यांची अंत्ययात्रा राजगृहातूनच निघाली. दर वर्षी ६ डिसेंबरला दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन, आमच्या गल्लीत येतात. ‘त्या दिवसांत फार गर्दी होते हो,’ असे कोणी शेजारी म्हणाले, तर मी त्यांना या वस्तीचा जन्म सांगतो. ही शांतता सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक दुःखातून विकत घेतलेली आहे. वर्षातले दोन दिवस ती वाटून घेतली तर बिघडले कोठे?

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. आता जुन्या इमारती पाडून उंच मनोरे उठत आहेत. मोटारी ठेवण्यासाठी तळघरे खणताना मुळे तुटतात, बुंध्यापर्यंत काँक्रीट येते, पर्जन्यवृक्षांना किडीनेही ग्रासले. राज्यात १९७५ पासून नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा मान मिळाला. नवी घरे नकोत असे मी म्हणणार नाही. जिना चढताना धाप लागणाऱ्या शेजाऱ्यांना लिफ्ट हवी आहे, आणि मलाही हवी आहे. मात्र नकाशा मंजूर होताना ऑरसाहेबांचा कोन आणि मंचेरजींची रांग यांची कोणी आठवण ठेवावी. घराच्या सभेत प्रत्येकजण आपल्या चौरस फुटांचा हिशेब विचारतो. दारातल्या झाडाचा हिशेब विचारणारा एक तरी सभासद असावा.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन एकदा इकडे जरूर या. फराळ झाल्यावर चार वाजता निघा, दादरला उतरा आणि चालत पाच बागांपर्यंत जा. संध्याकाळ होताच पर्जन्यवृक्ष आपली पाने मिटून घेतो, ते मुलांना दाखवा. दार ठोठावावयाचे नाही, कोणाला विचारावयाचे नाही. बाकावर जागा असेल तेथे बसावे.