देवाचा दरबार: साताऱ्यात दोन वर्षं चाललेला एक छोटा गट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे बोललो तेच लिहिलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. दहा-पंधरा माणसं एकत्र येतात. कुणाला पगार नाही, हजेरीपट नाही, नाही आलं तर दंड नाही. तरी ती दर आठवड्याला येतात. का येतात? आणि ज्याच्या भोवती ती जमतात, त्या माणसानं नेमकं काय द्यायचं असतं?

भजनी मंडळ घ्या, अभ्यासगट घ्या, ख्रिस्ती कुटुंबांमधली घरसभा घ्या, नाहीतर आमच्या क्षेत्रातला फुकट सॉफ्टवेअर बनवणारा गट घ्या. प्रश्न सगळीकडे हाच. मी त्याचं उत्तर शोधायला गेलो ते आमच्याच जुन्या जिल्ह्याच्या इतिहासात. 'जुन्या' म्हणतोय, कारण आमचं इस्लामपूर, म्हणजे वाळवा तालुका, तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे आजची गोष्ट साताऱ्याची असली तरी मी ती घरचीच मानतो.

गोष्ट आहे १९१७ ची. माणूस आहे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता ज्यांना होती, त्यांना नाव आठवलं असेल. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण पंचावन्नाव्या वर्षी या कवीनं मिशनची पगाराची नोकरी सोडली, साताऱ्याला येऊन राहिला आणि एक छोटा गट उभा केला. नाव ठेवलं, 'देवाचा दरबार'. हा भाग पाठ्यपुस्तकात नसतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. संस्कृत पक्कं, कविता रक्तात, आणि एका जागी टिकणं मात्र स्वभावात नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्या प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो वाचला, त्यावर खूप विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत घरानं मोजली. पत्नी लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. नवऱ्यानं धर्म बदलला, आणि त्या मुलाला घेऊन चार-साडेचार वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर त्या परत आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं पाळतच त्या नवऱ्याच्या घरी राहिल्या. मग एक दिवस स्वतःच विचार करून त्यांनी ठरवलं की जात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे, आणि यापुढे आपण कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. म्हणजे टिळकांच्या घरात पाच वर्षं एक बाप्तिस्मा घेतलेला माणूस आणि एक न घेतलेलं माणूस अशी जोडी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टिळकांचं काम अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. शिकवणं, लिहिणं, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन. आणि घर म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं, राहावं. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथं त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगेला कवी सगळ्यांच्या नजरेत भरला. हेच आपले बालकवी. पुढे ते नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि घरातलं त्यांचं स्थान त्यावाचून अडलंही नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं.

तर मंडळी, 'दरबार' १९१७ मध्ये आकाशातून पडला नाही. टिळकांच्या घरात त्याचा नमुना आधीपासून चालू होता.

आता मुख्य मुद्दा. चांगलं चाललेलं काम सोडून नवीन गट कशाला? मला यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट पैशाची. मिशनमध्ये प्रचारक, शिक्षक, पाळक यांना पगार मिळायचा. त्यात वाईट काही नाही, घर त्यावरच चालतं. पण आपल्याकडचा श्रोता कसा बघतो? कीर्तनकार, गोसावी, संन्यासी यांच्याकडे आपण ज्या नजरेनं बघतो, ती नजर पगारी माणसाला मिळत नाही. 'याला बोलायचे पैसे मिळतात' हे मनात आलं की शब्दाचं वजन निम्म्यावर येतं. टिळकांना हे आतून माहीत होतं, कारण ते त्याच समाजात वाढलेले. म्हणून त्यांनी पगार सोडला आणि स्वतःला संन्यासी म्हणवून घेतलं. पण त्यांच्या संन्यासात बायको-मुलांना सोडणं नव्हतं. सोडायचं ते मिळकतीचं आणि मालकीचं बंधन. घर राहील, पण देवाच्या भरवशावर.

दुसरी गोष्ट दाराची. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानणं. आज हे वाचताना 'बरं, मग?' वाटेल. पण तेव्हा बाप्तिस्मा म्हणजे फक्त विधी नव्हता. बाप्तिस्मा घेतला की माणूस जातीतून बाहेर, वाड्यातून बाहेर, बऱ्याचदा वारशातूनही बाहेर. कितीतरी माणसं मनानं जवळ यायची आणि या उंबऱ्याशी थबकायची. चर्चच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. आत किंवा बाहेर, एवढंच. टिळकांनी उंबऱ्यावरच सतरंजी घातली.

यावर दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. ज्यांनी सगळं गमावून बाप्तिस्मा घेतला, त्यांनी विचारलं तर? आम्ही घर सोडलं, हे घरी राहून आमच्याच ओळीत बसणार? मंडळीचं, म्हणजे चर्चचं, शिस्तीचं बांधकाम मग कशावर उभं राहायचं? हा प्रश्न आजही कुठल्याही गटात येतो. कोण आपला आणि कोण नुसता येऊन बसणारा, ही रेघ कुठं ओढायची? टिळकांचं उत्तर असं होतं की रेघ नेत्यानं ओढायची नाही, ज्यानं-त्यानं गुरूसमोर ओढायची. स्वतःच्या बायकोची पाच वर्षं जवळून पाहिलेल्या माणसाचं हे उत्तर आहे, असं मला वाटतं. घाई केली असती तर लक्ष्मीबाई आल्या असत्या का?

तिसरी गोष्ट भाषेची. फक्त मराठी बोलणं असा अर्थ नाही. जमण्याची रीत मराठी असणं. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. हार्मोनियमवर इंग्रजी चालीचं गीत आणि टाळ-मृदंगावरचं भजन यात फरक फक्त चालीचा नाही. पहिल्यात माणूस बाकावर बसून ऐकतो. दुसऱ्यात टाळ हातात येतो आणि तो आपोआप सामील होतो. छोट्या गटात हा फरक फार मोठा ठरतो.

म्हणजे पगार सोडला, दार उघडं ठेवलं आणि रीत घरची ठेवली. ऐकायला पक्की योजना वाटते. मग झालं काय?

९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. दरबार सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं. आणि त्यांच्यामागे दरबार त्या रूपात टिकला नाही.

आमच्या कामात एक शब्द आहे, 'बस फॅक्टर'. टीममधल्या किती माणसांना उद्या बसनं उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' आलं तर धोका. दरबाराचं उत्तर 'एक' होतं. त्याच साताऱ्यात वर सज्जनगड आहे. समर्थ रामदासांनी आयुष्यभर मठ उभे केले आणि मठामठात महंत नेमले. अकरा मारुतींपैकी एक आमच्या तालुक्यात बह्याला आहे, कृष्णेच्या पात्रात. आजही तिथं माणसं जमतात, कारण काम एका माणसापुरतं ठेवलं नव्हतं. टिळकांना तेवढी वर्षं मिळाली नाहीत. स्वभावही घडी बसवणाऱ्याचा नव्हता, ते पेटवून पुढे जाणारे होते.

इथंच थांबलो तर गोष्ट 'छान कल्पना, फसली' अशी होईल. पण नीट बघा, मागे काय उरलं.

एक, गाणी. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती भजनसंग्रहात टिळकांची दोनशेहून अधिक गीतं आहेत. शंभर वर्षांनंतरही नगर, मिरज, कोल्हापूर, सोलापूर कुठल्याही मराठी चर्चमध्ये किंवा घरसभेत ती गायली जातात. गट संपला, पण गटानं म्हणायचे शब्द माणसांच्या तोंडात राहिले. आणि ते म्हणायला टिळक हजर असायची गरज नाही. बस फॅक्टरचा प्रश्न इथं सुटलेला आहे, नकळत का होईना.

दोन, विचार. नगरला जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज मिशनरी होते. टिळकांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, त्यांनी टिळकांचं चरित्रही लिहिलं. १९२२ मध्ये त्यांनी 'ख्रिस्त सेवा संघ' सुरू केला. भारतीय आणि युरोपियन सोबत राहणार, साधं खाणार, भारतीय पद्धतीनं उपासना करणार, असा आश्रम. पुढे तो पुण्याला गेला. आदिवासींवर ज्यांनी आयुष्यभर लिहिलं ते व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले, ते याच संघात. साताऱ्यातल्या त्या छोट्या प्रयत्नाचा धागा असा लांबवर जातो.

तीन, लक्ष्मीबाई. आणि माझ्या मते खरी गोष्ट इथं आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य हाती घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईचं शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतं, जी जोडाक्षरांशी झटापट करायची, तिनं. त्यांनी कीर्तनंही केली. आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेलं त्यांचं 'स्मृतिचित्रे' तर मराठीतलं सगळ्यात जिवंत आत्मचरित्र म्हणून आपण वाचतो. टिळकांचं देवभोळेपण, घरातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणं, त्यानंतर घरात उडणारा गोंधळ, हे सगळं त्या हसत हसत सांगतात. देव्हारा बांधत नाहीत आणि तक्रारीची वहीही उघडत नाहीत.

हे वाचताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. टिळक जेव्हा 'निष्ठा' म्हणून पगार सोडत होते, तेव्हा चूल लक्ष्मीबाईंची होती. आलेल्या प्रत्येकाला ताट त्या वाढत होत्या. गट चालवणाऱ्याची निष्ठा आपल्याला दिसते, तो समोर उभा असतो. आतल्या खोलीतली निष्ठा दिसत नाही. आणि शेवटी काम पुढे नेलं ते आतल्या खोलीनंच. वारसदार घरातच होता.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. माणसं येतात, कारण समोरच्यानं स्वतःचं काहीतरी खरोखर पणाला लावलंय हे त्यांना कळतं. ते फसवता येत नाही. पण तेवढ्यानं गट जमतो, टिकत नाही. टिकतं ते, जे तुम्ही दुसऱ्याच्या हातात दिलंत. एक भजन, एक वही, अर्धवट सोडलेलं काव्य. पूर्ण झालेलं नसलं तरी चालेल, पण दुसऱ्याला ते पुढे नेता आलं पाहिजे.

तुमच्यापैकी कुणी एखादा गट चालवत असेल, देवाधर्माचा असो, पुस्तकांचा असो, ट्रेकिंगचा असो, तर या आठवड्यात एक करून बघा. तुम्ही न जाता तो भरू द्या. कोण सतरंजी घालतं, कोण सुरुवात करतं, चहा कोण ठेवतं, ते नंतर विचारा. तुमच्या लक्ष्मीबाई कोण आहेत ते कळेल. आणि कळलं की त्यांना तसं सांगा, उशीर करू नका.

साताऱ्याला गेलात तर कास आणि कंदी पेढ्यांसोबत हेही आठवा, की याच गावात एका कवीनं उंबऱ्यावर सतरंजी घालून बघितली होती.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा.