तेल आपले, भाव त्यांचा

रॉकेल हा शब्द आपल्याला इतका घरचा झाला आहे की, त्यात ‘रॉक ऑइल’ दडले आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. शब्द परका, आणि पुष्कळ काळ मालही परक्यांचाच होता. परंतु हे परकेपण नेमके कशात होते, हे पाहू गेल्यास उत्तर वाटते तितके सरळ मिळत नाही.

आसामात दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले, ते आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी या ब्रिटिश कंपनीला. १८९९ मध्ये खास तेलासाठी आसाम ऑइल कंपनी निघाली, १९०१ मध्ये तेथेच शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला आणि १९२१ मध्ये हा सारा कारभार बर्मा ऑइल कंपनीकडे गेला. विहिरी, नळ, टाक्या, सारे विलायती भांडवलाचे. ही झाली डोळ्यांना दिसणारी मालकी. हिच्याहून चिवट अशी दुसरी एक मालकी होती, आणि ती कागदावर होती.

स्वातंत्र्यानंतर देशात मोठे तेलशुद्धी कारखाने उभारावेत, असे सरकारच्या मनात आले. विदेशी कंपन्या प्रथम राजी नव्हत्या. १९५१ मध्ये इराणने आपल्या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, आबादानचा प्रचंड कारखाना थंडावला, आणि मग त्याच कंपन्या करारास तयार झाल्या. ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये स्टँव्हॅकचा, १९५५ मध्ये बर्मा-शेलचा आणि १९५७ मध्ये विशाखापट्टणम येथे कॅल्टेक्सचा, असे तीन कारखाने उभे राहिले. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी सरकारने दिली. कच्चे तेल कोठून आणावयाचे हे कंपनीने ठरवावयाचे होते. आणि तयार मालाचा भाव असा धरावयाचा की, जणू तो इराणच्या आखातातून तयार होऊनच आला आहे! कच्चे तेल जहाजाने येई, हे खरे. परंतु भाडे आकारले जाई ते कधीही न झालेल्या दुसऱ्याच प्रवासाचे. कारखान्याच्या शेजारी चेंबुरात राहणाऱ्या गृहिणीच्या रॉकेलच्या डब्यातही तो काल्पनिक प्रवास भरलेला असे.

हे करार करणाऱ्यांना आज दोष देणे सोपे आहे. हाताशी भांडवल नव्हते, तंत्रज्ञ नव्हते, परकीय चलन तुटपुंजे होते. तरीही, पंचवीस वर्षांची मुदत फार लांब होती, असे मला वाटते.

तिची किंमत १९६० मध्ये कळली. त्या वर्षी सोव्हिएत रशियाने आपले कच्चे तेल स्वस्त दराने, आणि तेही रुपयांत, देऊ केले. तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना ते शुद्ध करून देण्यास सांगितले. कंपन्यांनी करारावर बोट ठेवून नकार दिला. सरकारी कचेरीत ज्याने करारांच्या फायली हाताळल्या आहेत, त्याला या नकाराची रीत ओळखीची वाटेल. तेथे आवाज चढवावा लागत नाही. कलमाचा क्रमांक सांगितला की पुरते. तथापि, स्वस्त तेल दाराशी आले आहे एवढ्यानेच कंपन्यांना आपल्या कच्च्या तेलाच्या भावात सूट द्यावी लागली. त्याच वर्षी अंकलेश्वरला तेल लागले, आणि पुढच्या वर्षी के. आर. दामले यांच्या समितीने भावाचा हिशेब तपासून कमी दर सुचविले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. एस्सो, म्हणजे पूर्वीची स्टँव्हॅक, १९७४ मध्ये, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स १९७६ मध्ये, पंचवीस वर्षे भरण्यापूर्वीच, वाटाघाटींनी सरकारच्या ताब्यात आल्या. दिग्बोईदेखील १९८१ मध्ये आले.

विदेशी कंपन्या पुन्हा आल्या, त्या निराळ्या स्वरूपाच्या करारांनी. राजस्थानातील बाडमेर भागाचा करार १९९५ मध्ये शेल कंपनीशी झाला. पुढे तो केर्न या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडे गेला आणि २००४ मध्ये तिला तेथे ‘मंगला’ हे मोठे क्षेत्र सापडले. वाटा केर्नचा ७० टक्के, आपल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा ३०. परंतु राज्याला द्यावयाचे स्वामित्वशुल्क सगळेच्या सगळे आयोगाने भरावे, अशी व्यवस्था होती. २०१० मध्ये केर्नने आपला धंदा वेदांत समूहास विकावयास काढला, तेव्हा सरकारची संमती आवश्यक ठरली. आणि हे शुल्क दोघांच्या सामाईक खर्चात धरावे, या अटीवरच ती मिळाली.